नव्वद दिवसांचा अहवाल कुठे आहे? : गृह विभाग आणि पोलीस महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन
आणि
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य

विषय : रस्ते अपघातातील जखमींच्या नुकसानभरपाईसाठी पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठवायचे अहवाल

महोदय,

आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्याला मी माहिती अधिकारात साधे प्रश्न विचारले होते. गेल्या तीन वर्षांत हद्दीत झालेल्या अपघातांपैकी किती प्रकरणांत ४८ तासांचा पहिला अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे गेला? किती जखमींना दहा दिवसांच्या आत त्यांच्या हक्कांची माहिती देणारा नमुना २ मिळाला? किती प्रकरणांत ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल दाखल झाला? उत्तर आलं, की अशी माहिती ठाण्यात संकलित केली जात नाही. ते उत्तर वाचून मी हे पत्र लिहायला बसले. ठाण्याला न लिहिता आपल्याला लिहिते आहे, कारण ही जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने थेट आपल्या दोन पदांवर टाकलेली आहे.

मी एका वायरमनची बायको आहे. कृष्णाकाठच्या आमच्या गावात आणि शेजारच्या वाड्यांवर कुणाची मोटार जळाली, स्टार्टर उचलत नसला, नव्या घराचं वायरिंग करायचं असलं, तर माझ्या पतींना बोलावणं यायचं. उसाला पाण्याची पाळी असली की रात्री-अपरात्रीही यायचं. २०२३ च्या पावसाळ्यानंतर असंच एक काम उरकून ते दुचाकीवरून परतत होते. मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवलं. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. पण ते उजव्या खांद्यावर आपटले आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ओढल्या जाऊन तुटल्या. डॉक्टर याला ब्रेकियल प्लेक्ससची इजा म्हणतात. हाड जुळलं. हात मात्र तेव्हापासून नुसता लोंबतो. त्यांना पक्कड धरता येत नाही, शिडी चढता येत नाही, आणि रात्री त्या निर्जीव हातातून विजेसारख्या कळा येतात.

त्या नसांची शस्त्रक्रिया पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झाली तर हातात काही बळ परत येण्याची शक्यता असते. नंतर स्नायू वाळत जातात. पुण्याच्या डॉक्टरांनी हे आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही पैसे जमवत राहिलो, सोनं मोडलं, सोसायटीचं कर्ज काढलं, आणि तरीही वेळेत पुरेसे जमले नाहीत. वर्षभर मशीनवर बसून मी ब्लाउज आणि फॉल-पिकोतून जे मिळवते त्यात हा खर्च बसत नव्हता. टेम्पोला विमा होता. त्या विम्यातून पैसे मिळण्याची वाट कायद्याने आखून दिलेली होती. ती वाट आम्हाला कुणीही दाखवली नाही, आणि ती दाखवण्याचं काम कायद्याने पोलिसांना दिलेलं होतं.

हा कायदा काय आहे ते मी इथे लिहिते. आपल्याला तो माहीत आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या कितीतरी घरांना माहीत नसेल आणि त्यातल्या एखाद्या घरात आजच कुणी दवाखान्यात पडलेलं असेल.

१ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नवी पद्धत लागू झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने राजेश त्यागी प्रकरणात ती घडवली, तिथे वर्षानुवर्षं ती राबवली गेली, आणि मग ती देशभरासाठी नियमांत आली. अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत तपास अधिकाऱ्याने पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा. दहा दिवसांत जखमीला किंवा मृताच्या वारसांना नमुना २ द्यायचा. त्यात त्यांचे हक्क आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या लिहिलेल्या असतात. ५० दिवसांत अंतरिम अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अहवाल. वाहनाचा विमा, चालकाचा परवाना, पंचनामा, दवाखान्याचे कागद, जखमीचं वय आणि उत्पन्न हे सगळं पोलिसांनी गोळा करून न्यायाधिकरणापुढे ठेवायचं. सविस्तर अहवाल मिळाल्यावर विमा कंपनीने ३० दिवसांत आपला देकार मांडायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ च्या पोटकलम ४ प्रमाणे पोलिसांचा हा अहवाल हाच नुकसानभरपाईचा अर्ज म्हणून धरायचा. म्हणजे घरातली बाई दवाखान्यात बसलेली असताना तिने कोर्टाची पायरी चढली नाही तरी तिच्या माणसाचा दावा उभा राहतो.

१५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात आदेश दिला, की प्रत्येक राज्याच्या गृह विभागाच्या प्रमुखांनी आणि पोलीस महासंचालकांनी या नियमांची अंमलबजावणी होते आहे हे पाहावं. त्यासाठी पोलीस ठाण्यात, निदान शहराच्या पातळीवर, अपघात दाव्यांसाठी विशेष पथक नेमावं, आणि हे तीन महिन्यांत करावं. माझ्या पतींचा अपघात झाला तेव्हा ते तीन महिने केव्हाच उलटून गेले होते.

आता आमच्या तक्रारी. यातल्या बऱ्याच माझ्या एकटीच्या नाहीत. कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेला भेटणाऱ्या बायकांशी, वाकड्या पायांनी आलेल्या पोरांशी बोलून मी त्या लिहिते आहे.

पहिली तक्रार नमुना २ ची. तपासी अंमलदार दवाखान्यात आले, जबाब घेतला, सही घेतली. हक्कांचा कागद दिला नाही. आमच्या वॉर्डात पोलिसांच्या आधी एजंट पोचला होता. त्याच्याकडे छापील वकीलपत्र तयार होतं, आणि जे मिळेल त्यातला मोठा वाटा त्याचा असं तो उघड सांगत होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या भावाने त्यावर सही केली, कारण दुसरं कुणी काही सांगतच नव्हतं. पोलिसांनी एक कागद दिला असता तर त्या एजंटाचं दुकान तिथेच बंद झालं असतं. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा लागतो असाही समज आहे. प्रत्यक्षात जखमी जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो लावता येतो. बीडचा ऊसतोड कामगार आमच्या भागात जखमी झाला तर त्याने तारखांसाठी इकडे हेलपाटे घालायची गरज नाही. हे त्याला कोण सांगणार?

दुसरी तक्रार आपसात मिटवण्याच्या दबावाची. टेम्पोवाला परका नव्हता, पंचक्रोशीतलाच होता. गावातली चार वजनदार माणसं घरी आली. गरीब माणूस आहे, पोरगं उघड्यावर पडेल, दवाखान्याला थोडे पैसे देतो, केस वाढवू नका, असं म्हणाली. हा दबाव चालतो, कारण लोकांना वाटतं की भरपाई टेम्पोवाल्याच्या खिशातून जाणार. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा केला आहे तो नेमका यासाठी, की जखमीला भरपाई मिळावी आणि गाडीवालाही बुडू नये. तपासी अंमलदाराने दोन्ही घरांना बसवून एवढं समजावलं असतं तरी आमच्यात आणि त्या घरात आज जे वैर आहे ते झालं नसतं. मला त्या टेम्पोवाल्याचं घर बुडवायचं नव्हतं आणि आजही नाही.

तिसरी तक्रार या पत्राचा गाभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ मध्ये पोटकलम ३ घातलं. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे. १९९४ मध्ये संसदेने हीच मुदतीची अट काढून टाकली होती, कारण जखमी माणूस त्या मुदतीत उभाही राहू शकत नाही हे तेव्हा कळलं होतं. ती अट परत आली, आणि आता उशीर माफ करण्याची तरतूदही नाही. आमचे ते सहा महिने दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या पैशांच्या मागे आणि फिजिओथेरपीत गेले. नसांची मुदत आणि कायद्याची मुदत एकाच वेळी संपली. दावा आम्ही नंतर लावला आणि विमा कंपनीने कैफियतीत पहिलाच मुद्दा घेतला, की दावा मुदतबाह्य आहे, फेटाळावा.

महोदय, इथे आपल्या विभागाचा संबंध किती थेट आहे तो पाहा. पोलिसांनी ९० दिवसांत सविस्तर अहवाल पाठवला असता तर तोच आमचा अर्ज झाला असता आणि सहा महिन्यांच्या मुदतीचा प्रश्नच उरला नसता. मुदतीची अट आणि अहवालाची सक्ती या एकाच कायद्याच्या दोन बाजू आहेत. जखमीला घाई करायला लावताना त्याच्या वतीने पोलीस काम करतील असं कायद्याने गृहीत धरलं. जखमीवरची अट लागू झाली आणि पोलिसांवरची कागदावर राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की या कलमाला दिलेल्या आव्हानाचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत. त्यामुळे आमचा दावा आज जिवंत आहे. पण अंतरिम आदेश अंतरिमच असतो. आणि त्याआधी ज्यांचे दावे फेटाळले गेले, किंवा मुदत गेली असं ऐकून ज्यांनी दावा लावलाच नाही, त्यांचं काय?

चौथी गोष्ट अपंगत्वाच्या टक्क्यांची. ती थोडी सविस्तर लिहावी लागेल, कारण जखमींचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं आणि ते बाहेरच्या कुणाला दिसत नाही. माणूस गेला तर त्याच्या उत्पन्नाचा हिशेब ठरलेल्या रीतीने होतो. माणूस वाचला तर भांडण टक्क्यांवर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलं, की डॉक्टरांनी लिहिलेले टक्के आणि कमाईचं नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेला तर चालकाचं किंवा सुताराचं सगळंच काम थांबतं, कारकुनाचं थांबेलच असं नाही. जखमी काय काम करत होता हे आधी पाहावं, मग नुकसान ठरवावं.

माझ्या पतींचं वय अपघाताच्या वेळी ३८. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५. महिन्याची कमाई १५,००० धरली, प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीसाठी ४० टक्के भविष्यातली वाढ धरली आणि वायरमनचा उजवा हात म्हणजे पूर्ण कमाई असं मानलं, तर कमाईच्या नुकसानीचा आकडा ३७ लाख ८० हजार होतो. हाच हिशेब विमा कंपनीच्या बाजूने करा. उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून ८,००० धरा, भविष्यातली वाढ सोडा, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचे ४५ टक्के जसेच्या तसे लावा. आकडा येतो ६ लाख ४८ हजार. माणूस तोच, हात तोच. लोक अदालतीत आम्हाला सुचवलेली रक्कम याहूनही कमी होती. ती स्वीकारली की पुढे अपील नाही, हे मला आमच्या वकील ताईंनी सांगितलं म्हणून कळलं.

हा फरक कमी करणं पोलिसांच्या हातात आहे, कारण उत्पन्नाची आणि व्यवसायाची माहिती सविस्तर अहवालात त्यांनीच भरायची असते. ज्यांच्या घरचं वायरिंग केलं त्यांचे जबाब, इलेक्ट्रिकच्या दुकानदाराची वही, आयटीआयचं प्रमाणपत्र, यूपीआयवर आलेले पैसे असा पुरावा ताजा असताना सहज मिळतो. दोन वर्षांनी तो शोधायला मला दारोदार फिरावं लागलं. ज्या गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं माझ्या पतींकडून कामं करून घेतली त्यांतले काही साक्षीला यायला कचरले. मी त्यांना दोष देत नाही, कोर्ट म्हटलं की माणूस मागे सरतो. पोलिसांनी वेळेत विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

घरात काम करणाऱ्या बायकांचं याहून वाईट आहे. बाई जखमी झाली की उत्पन्नाच्या रकान्यात काही नाही असं लिहून मोकळे होतात. लता वाधवा प्रकरणापासून २०२१ च्या कीर्ती प्रकरणापर्यंत सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल धरायला सांगितलं आहे. तो रकाना रिकामा सोडण्याचा अधिकार कुणालाही नाही.

बेपत्ता गाडीच्या अपघातांबद्दल थोडक्यात. ठोकर देऊन पळालेली गाडी सापडली नाही तर २०२२ च्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे जातो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये आदेश दिला आहे, की महिनाभरात गाडीचा तपशील मिळाला नाही तर ठाणे प्रभारींनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची माहिती लेखी कळवावी. रक्कम फारच थोडी आहे. पण असं लेखी पत्र मिळालेलं घर मला आजवर भेटलेलं नाही.

एक गोष्ट आवर्जून लिहिते. आमचे तपासी अंमलदार वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडे चोऱ्या, मारामाऱ्या, बंदोबस्त, समन्स बजावणी सगळंच होतं. गणपतीच्या दिवसांत ते तीन-तीन दिवस घरी जात नव्हते. नियमातले नमुने एकट्याने भरणं त्यांना जमणारं नव्हतं आणि ते कसे भरायचे हे त्यांना कुणी शिकवलेलंही नव्हतं. न्यायालयाने विशेष पथक सांगितलं ते म्हणूनच. हवालदाराला नोटीस काढून हा प्रश्न सुटणार नाही. माणसं आणि प्रशिक्षण देणं हे आपल्या पातळीवरचं काम आहे. महाराष्ट्रात वर्षाला १५ हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मरतात, आणि जखमी होऊन घरी परतणारे त्याहून अधिक असतात. ज्या विभागाकडे इतकी घरं येतात तिथे या कामासाठी वेगळं टेबल असायला हवं.

आमच्या मागण्या अशा :

प्रत्येक जिल्ह्यात अपघात दाव्यांचं विशेष पथक नेमल्याचा आदेश काढावा, आणि पथकातल्या अधिकाऱ्याचा कार्यालयीन फोन नंबर प्रत्येक ठाण्यात व सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात लावावा.

नमुना २ सोप्या मराठीत छापून जखमीच्या किंवा नातेवाइकांच्या हातात द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि ती पोच तपासाच्या कागदांत असल्याशिवाय वरिष्ठांनी दोषारोपपत्र पुढे पाठवू नये.

४८ तास, ५० दिवस आणि ९० दिवस या तिन्ही अहवालांची ठाणेनिहाय संख्या दर महिन्याला जाहीर करावी. नोंदवलेले अपघात किती आणि पाठवलेले अहवाल किती, एवढे दोन आकडे पुरेत.

१ एप्रिल २०२२ नंतरच्या ज्या अपघातांत सविस्तर अहवाल गेलाच नाही ती प्रकरणं शोधून अहवाल आता पाठवावेत. मुदतीच्या कारणावरून दावा फेटाळलेल्या कुटुंबांना त्याची प्रत द्यावी, म्हणजे वरच्या न्यायालयात त्यांना बोलायला आधार मिळेल.

अहवालात व्यवसाय आणि उत्पन्नाचा रकाना रिकामा ठेवू नये. पुरावा नसेल तर निदान राज्याने त्या कामासाठी ठरवलेलं किमान वेतन नोंदवावं. घरकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीतही हेच करावं.

आरोग्य विभागाशी बोलून जिल्हा रुग्णालयाच्या अपंगत्व प्रमाणपत्रासोबत एक टिपण जोडण्याची व्यवस्था करावी : जखमीचा व्यवसाय काय, आणि ही इजा घेऊन तो ते काम करू शकेल का.

राज्य सरकारने केंद्राला लेखी कळवावं, की सहा महिन्यांची अट रद्द करावी, आणि तोवर निदान उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला द्यावा.

विमा कंपन्यांच्या दावे विभागात हे पत्र पोचलं तर त्यांनाही एक विनंती आहे. पोलिसांचा अहवाल न गेल्यामुळे झालेला उशीर जखमीच्या माथी मारून मुदतीचा मुद्दा घेऊ नका. माझ्या पतींच्या दाव्यातून तो मागे घ्या. भरपाई किती यावर आपण न्यायाधिकरणापुढे जरूर वाद घालू.

मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार देणारी केंद्राची योजना आली आहे. आम्हाला ती उपयोगी पडली नाही, पुढच्यांना पडो. पण तिचा लाभ मिळायलाही पोलिसांची नोंद वेळेत व्हावी लागते. म्हणजे याही दाराची किल्ली आपल्याकडेच आहे.

या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवू नका. जो आदेश काढाल तो विभागाच्या संकेतस्थळावर टाका, ठाण्यांना पाठवा, आणि त्याची प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना द्या. आमच्या ठाण्यातून माझ्या पतींचा सविस्तर अहवाल अजून गेलेला नाही. तो आधी पाठवा.

आपली,
एका वायरमनची पत्नी
कृष्णाकाठ